अनुभवी आणि निष्णात माणसांसाठी इंग्रजी वाक्प्रचार: निवड कशी करावी

मराठीत एखाद्याला 'मुरब्बी', 'निष्णात', 'पटाईत' किंवा 'पोहोचलेला' म्हणताना आपण क्षणभरही थांबत नाही, कारण यांतला कोणता शब्द सत्काराच्या भाषणात शोभेल आणि कोणता कट्ट्यावरच बरा, हे लहानपणापासून ऐकून ऐकून अंगवळणी पडलेले असते. इंग्रजी वाक्प्रचारांच्या बाबतीत अशी कानाची तयारी बहुतेकांची नसते. आपण ते यादीतून पाठ करतो आणि यादीत 'ओल्ड हँड', 'पास्ट मास्टर', 'जर्नीमन' आणि 'ओल्ड फॉक्स' या चौघांपुढे 'अनुभवी माणूस' एवढाच अर्थ छापलेला असतो. प्रत्यक्षात यांपैकी पहिल्यात आपुलकी आहे, दुसऱ्यात कधी कौतुक तर कधी टोमणा आहे, तिसऱ्यात कित्येकदा 'बरा, पण बेताचा' असा शेरा दडलेला आहे आणि चौथा तर शिफारसपत्रात लिहिला तर ज्याची शिफारस करायची त्याचेच नुकसान होईल. सहकाऱ्याची ओळख करून देणे, शिफारसपत्र लिहिणे, नोकरीसाठी अर्ज करणे किंवा निरोप समारंभात चार वाक्ये बोलणे अशी कामे इंग्रजीतून प्रथमच करणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: आपण नेमकी कशाची ग्वाही देतो आहोत, ते ठरवावे

'अनुभवी आणि कुशल' हा शब्दजोड आपण एका दमात उच्चारतो, पण इंग्रजी वाक्प्रचार त्याचे तुकडे करतात. काही वाक्प्रचार फक्त काळ मोजतात, काही हातातले कसब सांगतात, काही आतल्या खाचाखोचांची माहिती असल्याचे सांगतात आणि काहींचा भर केवळ भरवशावर असतो. एकाच खुर्चीत वीस वर्षे बसलेला माणूस कुशल असेलच असे नाही, आणि इंग्रजी वाचणारा हा फरक बरोबर टिपतो.

'ओल्ड हँड' हा काळ मोजणारा वाक्प्रचार आहे. यातील 'हँड' म्हणजे कामकरी माणूस. जहाजावरील खलाशांनाही 'हँड्स' म्हणतात आणि 'ऑल हँड्स ऑन डेक' ही हाक त्यावरूनच आली. 'ओल्ड'चा संबंध येथे वयाशी नसून त्या कामात घालवलेल्या काळाशी आहे. त्यामुळे आठ वर्षे रात्रपाळी केलेली तिशीतील बाईसुद्धा कॉल सेंटरमधील 'ओल्ड हँड' ठरू शकते. वसाहतीच्या काळात भारतात वर्षानुवर्षे नोकरी किंवा व्यापार केलेल्या इंग्रजाला 'ओल्ड इंडिया हँड' आणि चीनच्या बंदरांत मुरलेल्याला 'ओल्ड चायना हँड' म्हणत असत. त्या माणसाला तेथील रीतभात आणि माणसे ठाऊक आहेत, एवढेच त्यातून सांगितले जाई. तो हुशार आहे किंवा कामात सर्वांत सरस आहे, असा दावा त्यात नव्हता आणि आजही नाही.

हातचे कसब सांगायचे असेल तर 'डॅब हँड' जवळचा आहे. तो ब्रिटिश आणि घरगुती वळणाचा असल्यामुळे स्वयंपाक, सुतारकाम, बागकाम, गाडीची किरकोळ दुरुस्ती अशा गोष्टींना शोभतो, हृदयशस्त्रक्रियेला नाही. आतली माहिती सांगायची असेल तर 'नो समथिंग इनसाइड आउट' किंवा 'नो समथिंग लाइक द बॅक ऑफ युअर हँड' हे दोन वाक्प्रचार सर्वांत सुरक्षित आहेत. त्यातही पहिला यंत्रणा, कायदा किंवा सॉफ्टवेअर यांना आणि दुसरा रस्ते, गाव, इमारत अशा जागांना अधिक चपखल बसतो.

राहिला भरवसा. 'अ सेफ पेअर ऑफ हँड्स' हा वाक्प्रचार चेंडू झेलणाऱ्या हातांवरून आलेला असल्यामुळे आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. अजिंक्य रहाणेने 2015 मध्ये गॉल कसोटीत आठ झेल घेतले, तेव्हा त्याच्या हातांना हे शब्द अक्षरशः लागू पडले. लाक्षणिक अर्थाने मात्र तो अशा माणसासाठी वापरतात, ज्याच्याकडे खाते किंवा प्रकल्प सोपवला तर काही बिघडणार नाही. त्यात चमक, कल्पकता किंवा धाडस यांचा उल्लेख नाही. जाहिरात संस्थेत कल्पक कामासाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराला 'सेफ पेअर ऑफ हँड्स' म्हटले, तर वाचणारा त्यातून 'फारसे नवे काही सुचत नाही' असा अर्थ काढू शकतो.

दुसरी पायरी: वाक्प्रचार कोणत्या धंद्यातून आला, ते पाहावे

ही पायरी पुष्कळ जण वगळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी आहे. व्युत्पत्तीची हौस म्हणून नव्हे, तर मूळ धंदा कळला की वाक्प्रचाराची मर्यादा आपोआप कळते, म्हणून.

शिडाच्या जहाजावर दोरांचे जाळे असे आणि प्रत्येक दोराला वेगळे नाव व वेगळे काम असे. कोणता दोर ओढला की कोणते शीड चढते किंवा उतरते, हे नव्या खलाशाला अंधारात आणि वादळातही चुकता कामा नये. त्यावरून इंग्रजीत तीन वाक्प्रचार रूढ झाले: जुना माणूस नव्याला 'शो द रोप्स' करतो, नवा माणूस 'लर्न द रोप्स' करतो आणि कामात रुळला की तो 'नोज द रोप्स'. यावरून लक्षात येईल की 'नो द रोप्स' म्हणजे कामाची पद्धत माहीत असणे, प्रभुत्व नव्हे. नोकरीत सहा महिने झालेल्या कारकुनाबद्दल हे वाक्य प्रशंसा ठरते, तीस वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबद्दल तेच वाक्य जवळजवळ अपमान ठरते.

युरोपातील कारागिरांच्या संघांमध्ये आधी उमेदवारी करणारा 'अप्रेंटिस', मग रोजावर काम करण्यास मोकळा झालेला 'जर्नीमन' आणि शेवटी स्वतःचे दुकान थाटून इतरांना शिकवणारा 'मास्टर' अशी उतरंड असे. 'जर्नीमन'चा प्रवासाशी संबंध नाही. फ्रेंचमधील 'दिवस' या अर्थाच्या शब्दावरून तो आला आहे, म्हणजे आपल्याकडचा रोजंदारीचा कारागीर. आज या शब्दाला दोन तोंडे आहेत. अमेरिका आणि कॅनडामध्ये 'जर्नीमन इलेक्ट्रिशियन' ही उमेदवारी पूर्ण करून मिळवलेली रीतसर पात्रता आहे आणि तेथे कामाला जाणाऱ्या आयटीआयवाल्याने ती अभिमानाने लिहावी. परंतु खेळाडू, नट किंवा लेखक यांना 'जर्नीमन' म्हटले की त्याचा अर्थ 'नेमाने काम करणारा, पण नाव काढण्याजोगा नाही' असा होतो. एकच शब्द पहिल्या ठिकाणी दाखला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी हलका चिमटा.

'पास्ट मास्टर'मधील 'पास्ट'चा अर्थ 'माजी' असा आहे. फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, मास्टरपदाची म्हणजे प्रमुखपदाची मुदत पूर्ण केलेल्याला हे नाव असे. तालुक्याच्या गावी रोटरी क्लबच्या 'पास्ट प्रेसिडेंट'ला व्यासपीठावर जसा मान मिळतो, तसाच हा प्रकार. पद भूषवून झाले, म्हणजे त्यातले सगळे कळले, या समजुतीतून 'पास्ट मास्टर'ला 'पारंगत' हा अर्थ आला. तो 'पूर्वी चांगला होता, आता नाही' असा मुळीच नाही, तरी आपल्याकडील नवशिके तो तसा वाचतात.

सैन्यातून आलेल्या वाक्प्रचारांत कमाईचा भाव असतो. 'अर्न युअर स्ट्राइप्स' मधील 'स्ट्राइप्स' म्हणजे बाहीवरील फिती. भारतीय सैन्यात लान्स नायकाला एक, नायकाला दोन आणि हवालदाराला तीन फिती असतात. ज्यांच्या घरात कोणी सैन्यात आहे, त्यांना ती फीत मिळवायला किती वर्षे घासावी लागतात हे सांगायला नको. म्हणून हा वाक्प्रचार खालून वर चढलेल्या माणसासाठी राखून ठेवावा; वडिलांच्या कंपनीत थेट संचालक म्हणून बसलेल्या मुलासाठी तो वापरला तर ऐकणारे एकमेकांकडे पाहतील. 'विन युअर स्पर्स' हा त्याचाच थोरला आणि थोडा जुनाट भाऊ. 'स्पर्स' म्हणजे घोड्याला टाच मारताना वापरायचे धातूचे काटे आणि ते सरदारकीचे चिन्ह होते. 1346 मध्ये क्रेसीच्या लढाईत सोळा वर्षांचा युवराज अडचणीत सापडला असताना त्याचा बाप, इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने कुमक पाठवण्यास नकार दिला आणि मुलाला आपले 'स्पर्स' स्वतः मिळवू द्या असे म्हटले, अशी हकीकत फ्रुआसार या फ्रेंच बखरकाराने लिहून ठेवली आहे. त्यामुळे हा वाक्प्रचार पहिल्या मोठ्या कसोटीला उतरलेल्या तरुणासाठी आहे, निवृत्तीला आलेल्या माणसासाठी नाही.

दातांचे दोन वाक्प्रचार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी गेले तर अनर्थ होतो. 'कट युअर टीथ' म्हणजे बाळाला दात येणे. त्यावरून एखाद्या क्षेत्रातील सुरुवातीचे धडे गिरवणे. सचिन तेंडुलकरने मुंबईच्या मैदानांवर 'कट हिज टीथ' केले, असे इंग्रजीत लिहिता येते. 'लाँग इन द टूथ' मात्र घोड्याच्या हिरड्यांवरून आला: वय वाढले की हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसू लागतात. हा वाक्प्रचार अनुभवाचा नसून म्हातारपणाचा आहे आणि त्यात कौतुक नाही.

तिसरी पायरी: वाक्प्रचार त्याच्या जोडशब्दासह पाठ करावा

मराठीत आपण 'हिशेबात पक्का', 'बोलण्यात पटाईत', 'कामात तरबेज' असे म्हणतो आणि त्या '-त' प्रत्ययाच्या ओढीने इंग्रजीतही सगळीकडे 'इन' लावतो. इंग्रजीत प्रत्येक वाक्प्रचाराचा जोडशब्द ठरलेला आहे. 'ओल्ड हँड' आणि 'डॅब हँड' यांच्यापुढे 'ॲट' येतो आणि पुढे क्रियापद आल्यास ते 'इंग'वाले रूप घेते: 'शी इज अ डॅब हँड ॲट फिक्सिंग मिक्सर्स'. 'पास्ट मास्टर'पुढे 'ॲट' किंवा 'ऑफ' चालतो. 'वेल व्हर्स्ड' (जाणकार) याला 'इन' लागतो आणि आपली सवय तेवढ्यापुरती बरोबर ठरते. 'कट हिज टीथ'पुढे बहुधा 'ऑन' येतो आणि 'नोज हर वे अराउंड' (तिला त्यातले सगळे ठाऊक आहे) यापुढे थेट नाम येते: 'अराउंड अ बॅलन्स शीट'.

अवयवांवरून आलेल्या वाक्प्रचारांचा गट येथे वेगळा शिकण्यासारखा आहे, कारण त्यांना जवळजवळ सर्वत्र 'फॉर' लागतो आणि मराठी मनाला ते लगेच पटतात. बारकावे टिपणाऱ्याला 'ॲन आय फॉर डिटेल', सुरांची जाण असणाऱ्याला 'ॲन इअर फॉर म्युझिक', आकडेमोड सहज जमणाऱ्याला 'अ हेड फॉर फिगर्स' आणि बातमीचा वास लागणाऱ्या पत्रकाराला 'अ नोज फॉर न्यूज' आहे, असे म्हणतात. हे चारही वाक्प्रचार औपचारिक लेखनात बिनदिक्कत वापरता येतात, वयाचा उल्लेख टाळतात आणि नेमके कोणते कसब आहे ते सांगतात. नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी, असे मला वाटते. अपवाद 'अ वे विथ' याचा: 'अ वे विथ वर्ड्स' म्हणजे शब्दांवर हुकूमत आणि 'अ वे विथ चिल्ड्रन' म्हणजे मुलांना आपलेसे करण्याची हातोटी. मात्र मराठीतील 'हाताला चव आहे' हे शब्दशः इंग्रजीत नेऊ नये. तेथे 'शी इज अ नॅचरल इन द किचन' असे साधे वाक्य पुरेसे होते.

चौथी पायरी: टोमणा कोठे लपला आहे, ते ओळखावे

'थापा मारण्यात पटाईत' या प्रयोगात 'पटाईत' जसा उलटतो, तसा 'पास्ट मास्टर'ही उलटतो. 'ॲट'नंतर चांगले काम आले तर कौतुक आणि 'ॲव्हॉइडिंग क्वेश्चन्स' यासारखे काही आले तर टोमणा. इंग्रजी वृत्तपत्रांत राजकारण्यांसाठी दुसरा प्रयोगच अधिक आढळतो.

'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' या वाक्प्रचाराने मराठी अर्जदारांचे जेवढे नुकसान केले असेल, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणी केले असेल. त्यापुढील 'मास्टर ऑफ नन' हे शेपूट नंतर जोडले गेले हे खरे, पण आज ते न उच्चारताही ऐकणाऱ्याच्या मनात उमटते आणि आपली स्तुती 'एक ना धड भाराभर चिंध्या' होऊन बसते. सगळीकडे हात घालणाऱ्याची टवाळी इंग्रजीत जुनीच आहे: 1592 मध्ये रॉबर्ट ग्रीन या नाटककाराच्या नावे प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत शेक्सपिअरवर आगपाखड करताना त्याला 'जोहानेस फॅक्टोटम', म्हणजे सगळे काही करू पाहणारा, असे हिणवले होते. समाजमाध्यमांवर या म्हणीची तिसरी ओळ फिरते, ज्यात असा माणूस एकाच कलेत निपुण असणाऱ्यापेक्षा बरा ठरतो. ती अलीकडची भर आहे, जुनी म्हण म्हणून तिचा हवाला देऊ नये. अनेक कामे सांभाळणाऱ्यासाठी 'व्हर्सटाइल' किंवा 'वेअर्स मेनी हॅट्स' म्हणावे. 'ऑल-राउंडर' ब्रिटनमध्ये आणि क्रिकेट खेळणाऱ्या देशांत चालतो, अमेरिकेत तो फारसा परिचित नाही.

याच्या उलट एक जागा अशी आहे, जेथे टोमणा वाटतो पण असते ती भरघोस स्तुती. 'ही इज नो मीन कुक' हे वाक्य वाचून 'तो कंजूष स्वयंपाकी नाही' किंवा 'तो दुष्ट नाही' असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. येथे 'मीन' म्हणजे सामान्य, हलका. 'सामान्य नव्हे' म्हणजेच उत्तम. 'शी इज नो स्लाउच' हेही त्याच जातीचे. नकारातून स्तुती करण्याची ही ब्रिटिश सवय इतकी पक्की आहे की इंग्रज वरिष्ठाने 'नॉट बॅड ॲट ऑल' म्हटले, तर खट्टू होण्याचे कारण नाही.

'बीन अराउंड द ब्लॉक' याविषयी मात्र सावध राहावे. 'बारा गावचे पाणी प्यायलेला' हा त्याचा जवळचा अर्थ असला, तरी स्त्रीबद्दल वापरल्यास त्यातून तिच्या खासगी आयुष्याविषयी अश्लील सूचना निघू शकते. कचेरीतील लेखनात तो कोणाहीबद्दल नकोच. 'ओल्ड फॉक्स' म्हणजे बेरकी, 'ओल्ड गार्ड' म्हणजे बदलाला आडवे येणारी जुनी मंडळी आणि 'ओव्हर द हिल' म्हणजे उमेदीचा काळ सरलेला. या तिघांना अनुभवाच्या यादीत स्थान देऊच नये.

पाचवी पायरी: वाचणारा कोणत्या देशातला आहे, ते पाहावे

येथे थोडक्यात सांगता येईल. बागकामात हात बसलेल्याला ब्रिटनमध्ये 'ग्रीन फिंगर्स' असतात आणि अमेरिकेत 'ग्रीन थम्ब'. 'डॅब हँड' अमेरिकेत कमी ऐकू येतो. 'वेटरन' हा शब्द आपण ज्येष्ठ नटासाठी किंवा पुढाऱ्यासाठी वापरतो, परंतु अमेरिकेत तो एकटा आला तर बहुधा माजी सैनिक असाच अर्थ घेतला जातो, मग तो सैनिक पंचवीस वर्षांचा का असेना. म्हणून तेथे 'अ वेटरन जर्नलिस्ट' असे पुढे व्यवसायाचे नाव जोडावे. अननुभवी माणसासाठी आपण वापरत असलेला 'फ्रेशर' ब्रिटनमध्ये विद्यापीठातील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असतो. त्याऐवजी 'रिसेंट ग्रॅज्युएट' लिहावे. पदवी मिळवली या अर्थाने 'पास्ड आउट' लिहिले, तर परदेशी वाचकाला उमेदवार बेशुद्ध पडल्याचे वाटेल. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील 'पासिंग आउट परेड' मात्र योग्यच आहे, कारण सैनिकी इंग्रजीत तो प्रयोग अस्सल आहे.

वयाचा उल्लेख परदेशात कायद्याच्या कक्षेत येतो. अमेरिकेतील 1967 चा कायदा चाळीस व त्यापुढील वयाच्या कर्मचाऱ्यांना वयावरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण देतो आणि ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यातही वयाचा समावेश आहे. त्यामुळे तेथील व्यवस्थापक लेखी कागदात 'ओल्ड' हा शब्द सहसा येऊ देत नाहीत. प्रेमाने लिहिलेला 'ओल्ड-टायमर'सुद्धा त्यांना खटकतो.

सहावी पायरी: वाक्प्रचार एकच ठेवावा आणि त्याला कामाचा पुरावा जोडावा

समजा, चाकणच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये पंधरा वर्षे काम केलेल्या फिटरसाठी परदेशातील नोकरीकरिता शिफारसपत्र लिहायचे आहे. पहिला खर्डा अनेकदा असा असतो: 'ही इज ॲन ओल्ड हँड इन टूलरूम. ही इज जॅक ऑफ ऑल ट्रेड्स अँड हॅज बीन अराउंड द ब्लॉक.' लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे. पण पहिल्या वाक्यात 'इन' खटकतो आणि 'ओल्ड' वयाकडे बोट दाखवतो. दुसऱ्या वाक्यात एक वाक्प्रचार स्तुतीची निंदा करतो, त्याच्याआधीचा 'अ' गळला आहे आणि शेवटचा वाक्प्रचार कचेरीत आणण्याजोगा नाही. शिवाय तीन वाक्प्रचार वाचूनही हा माणूस नेमके काय करतो, ते कळत नाही.

दुरुस्त मजकूर असा करता येईल: 'ही नोज अवर टूलरूम इनसाइड आउट. ओव्हर फिफ्टीन इयर्स ही हॅज रिपेअर्ड प्रेस टूल्स, ट्रेन्ड अप्रेंटिसेस अँड डेव्हलप्ड ॲन आय फॉर फॉल्ट्स दॅट अदर्स मिस.' येथे 'इनसाइड आउट' हा एक ठसठशीत वाक्प्रचार आहे, 'आय फॉर' इतका अंगचा झाला आहे की तो वाक्प्रचार वाटतच नाही, आणि वर्षे, साचे व शिकाऊ उमेदवार हे पुरावे म्हणून हजर आहेत.

स्वतःच्या अर्जात तर वाक्प्रचार जवळजवळ नकोतच. 'आय ॲम अ पास्ट मास्टर' हे दुसऱ्याने म्हणावे लागते, स्वतः म्हटले की बढाई होते. 'सीझन्ड प्रोफेशनल' इतक्या अर्जांवर येतो की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते, आणि 'रॉकस्टार', 'निंजा' हे शब्द जाहिरात देणाऱ्यांकडेच राहू द्यावेत. मुलाखतीत मात्र 'आय कट माय टीथ ऑन स्मॉल प्रोजेक्ट्स' असे म्हणायला हरकत नाही, कारण त्यात सुरुवात लहान होती याची कबुली आहे.

सातवी पायरी: शब्दकोशातील खुणा वाचाव्यात

शंका आली की नुसता अर्थ पाहून कोश मिटू नये. शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या कोशांत नोंदीजवळ तिरप्या ठशात 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ह्यूमरस', 'डिसअप्रूव्हिंग', 'ब्रिटिश' अशा खुणा असतात. 'डिसअप्रूव्हिंग' दिसले तर शिफारसपत्रातून तो वाक्प्रचार तेथेच काढावा. 'इन्फॉर्मल' दिसले तर तो निरोप समारंभाच्या भाषणासाठी बाजूला ठेवावा. 'ओल्ड-फॅशन्ड' दिसले तर ऐकणारा साठीच्या पुढचा आहे का, याचा विचार करावा. नंतर खालची उदाहरणवाक्ये वाचून जोडशब्द वहीत उतरवावा आणि शेजारी आपल्या ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल त्याच जोडशब्दासह स्वतःचे एक वाक्य लिहावे. ते वाक्य त्या माणसासमोर मोठ्याने वाचायला संकोच वाटला, तर वाक्प्रचार बदलावा.